दादाची टेस्ट क्लिप

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सपोर्टला आहे. स्क्रीन अडकली की लोक देवाला हात जोडतात, मी टास्क मॅनेजर उघडतो. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर वाचून मीच हसलो असतो...

माझा मोठा भाऊ लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. पाचोड, देवगाव रंगारी, दौलताबाद, बोलावतील तिथं. निघण्याआधी गारखेड्याच्या घरी माईक तपासायचा. पुढच्या खोलीतून विचारणार, "आवाज येतोय का?" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडणार, "येतोय!" खरं तर त्यांना तो भिंतीपलीकडून ऐकू यायचा, माईकमधून नाही! पण त्यांनी उत्तर दिल्याशिवाय दादाची टेस्ट संपायची नाही. मग "चल, बंद करतो" म्हणायचा आणि ती क्लिप उडवून टाकायचा.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात दादा हार्टअटॅकनं गेला. गल्लीत टँकरची वाट बघणं चालू होतं, बायपासकडं मात्र नव्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, येवढ्या लोकांचे आवाज धरून ठेवले ह्यांनी. ह्यांचाच कुठं नाय व्हय?"

शोधलं. फोनमध्येसुद्धा नव्हता. कॅमेऱ्यामागच्या माणसाला कोण शूट करतं?

शेवटची आशा म्हणजे त्याच्या दोन हार्ड डिस्क — एक कामाची, एक बॅकअपची. कामाच्या डिस्कवरून उडवलेली एखादी टेस्ट क्लिप बॅकअपमध्ये राहिली असली तर? दोन्हींतला फरक शोधायला समोरासमोर ठेवून फोल्डर कंपेअर लावलं. सॉफ्टवेअर लगेच आडवं झालं. नॉट रिस्पॉन्डिंग! साहजिक आहे, इतक्या वर्षांची लग्नं एकदम गिळायला दिली होती. मग फाइल आतून वाचण्याऐवजी फक्त नाव आणि साइज बघायला लावलं, अँटिव्हायरसला गप्प बसवलं, एकेका गावाचं फोल्डर वेगळं घेतलं. आता भराभर उत्तरं आली. पाचोड, फरक नाही. देवगाव, फरक नाही. दर वेळी वहिनींचा चेहरा उतरायचा, मला बघवेना.

राहिलं दौलताबाद. भर दुपार होती. तिथं ते पुन्हा अडकलं, स्क्रीन पांढरी. अशा वेळी माऊसला हात लावायचा नसतो, म्हणून थांबलो. जरा वेळानं बॅकअपच्या बाजूला एकच जास्तीची फाइल दिसली. उघडली. चित्र काळंच. आणि दादाचा आवाज...

"आवाज येतोय का?"

जरा थांबून पुन्हा, "आवाज येतोय का?" मग आणखी एकदा, थोड्या काळजीनं. शेजारी वहिनी रडत होत्या, आणि रडता रडता सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "येतोय!"

"चल, बंद करतो."

विंडो बंद झाली. मी कशालाही हात लावला नव्हता.

पुन्हा कंपेअर लावलं. फरक नाही. रिकव्हरी करून पाहिली, तशी फाइल कधी असल्याचा मागमूस नाही. आणि जुनी क्लिप असती तर तिच्यात वहिनींचंही "येतोय" ऐकू आलं असतं ना? ते नव्हतं. तो उत्तरासाठी थांबला होता. का, कसा, मला आजही सांगता येत नाही. अधूनमधून त्या डिस्क लावतो, फरक नाही म्हणून येतं, काढून ठेवतो.

वहिनींना स्पष्टीकरण नकोच आहे. त्यांचं आपलं एकच चालू असतं — "भाऊजी, मी कशाला बोलले हो? गप बसले असते तर अजून इचारत राहिले असते ना ते..."