मंगरूची रायपूरवाली

एक काळ असा होता की मंगरूच्या रायपूरच्या बायकोची उंची, रंग, नाकातला खडा सगळं शहापूरला तोंडपाठ होतं. पाहिली मात्र कोणीच नव्हती. मंगरू ट्रकवर तांदूळ घेऊन जायचा, महिना महिना उगवायचा नाही, आणि आला की घरासमोर ट्रक लावून केबिनमध्येच झोपायचा. बायको आत, नवरा बाहेर! गावाने दुसरं काय समजावं? त्याची इथली बायको तुळसा त्याला घरात घेत नाही, हा शोध पानटपरीवर लागला. फोडणी माझी.

"काय गा मंगरू, तिकडची बरी की इकडची?" मी विचारायचो.

"दोघीही तुमचीच चौकशी करून राहिल्या, काका!" तो हसायचा. चिडला असता तर अफवा तिथेच मेली असती.

ती अफवा त्याच्या लेकीच्या, रक्षाच्या शाळेपर्यंत गेली. 'तुझी रायपूरची आई कशी आहे' म्हणून पोरींनी तिला रडवलं. तेव्हापासून ती बापाशी कामापुरतं बोलू लागली. लग्न होऊन जवाहरनगरच्या क्वार्टरात निघाली तेव्हा शेजारणींच्याही गळ्यात पडली. बापाला नुसता नमस्कार.

आता मंगरूचे गुडघे गेले, ट्रक सुटला. केबिन नाही, म्हणून तो बाहेरच्या सपरीत, उघड्या पडवीत, बाज टाकतो. यंदा दिवाळीला रक्षा आली तेव्हा मी तिथेच शाल गुंडाळून चिवडा खात होतो. बाज बघून ती म्हणाली, "अजूनही बाहेरच? मंग रायपूरलेच जा ना झोपाले!"

मंगरूच्या हातातली करंजी हातातच राहिली. "आत गरमी होते वं, माय," तो म्हणाला.

तुळसा बोलायला उठली. त्याने मान हलवली, ती बसली. रक्षा दुपारच्याच बसने परत गेली.

मंगरू तिला पोहोचवायला फाट्यापर्यंत लंगडत गेला, तेवढ्यात मी तुळसाला छेडलं, "आता तरी सांग वं, रायपूरवालीचं नाव काय?"

ती हसली नाही. "त्यायनं शपथ घातली हाय मले. पोरीले समजलं त जन्मभर मनाले लावून घेईल म्हणते." आणि तरी तिने सांगितलं. माझ्या पोटात काही टिकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

रायपूरला कोणी बाई नव्हती. रक्षा लहान असताना बापाला ओळखत नव्हती. घरात परका माणूस झोपलेला पाहून ती किंचाळायची. एकदा भीतीने तापली. म्हणून मंगरू केबिनमध्ये झोपू लागला. ती मोठी झाली तोवर त्याला घरात झोप येईनाशी झाली होती.