तिसऱ्या सुपारीची साक्ष

ईश्वरावर माझी निष्ठा आहे. भुताखेतांवर कधीच नव्हती. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून घडले ते जसेच्या तसे वाचकांपुढे ठेवतो.

१९३० चा उन्हाळा. सोलापुरात लष्करी कायदा पुकारलेला. आमची यमुना बाळंतपणाला माहेरी आली होती. दोन दिवस कळा येऊनही सुटका होईना. सुईण म्हणाली, "आता इस्पितळच गाठा." तिकडे रस्ते दोन — तळ्याकाठचा आणि गिरणीमागचा. विनापरवाना दिसेल त्याला शिपाई गोळी घालतात, अशी आवई होती.

सकाळी दहाच्या सुमारास ओटीवर बसून मी साक्षी तपासू लागलो. पूजेत देवतेच्या ठिकाणी सुपारी मांडतात, तशी प्रत्येक बातमीची एक मांडायची माझी सवय: डोळ्यांनी पाहिलेली विड्याच्या पानावर, ऐकीव नुसत्या पाटावर.

मंद्रूपचा दूधवाला भीमाप्पा म्हणाला, "तळ्यावर शिपाई हायत की, बुवा. पहाटं ह्या डोळ्यांनी बघितलं." सुपारी पानावर.

टांगेवाले करीमभाई म्हणाले, "शास्त्रीजी, मैं तो सुन्या, फौज गिरणी के पिच्छे है." सुपारी पाटावर.

आतून पत्नी कडाडली, "अहो, सुपाऱ्या मांडून लेक सुटते होय?"

पाहिलेले ऐकीवाहून श्रेष्ठ. तेव्हा गिरणीमागूनच निघावे, असे ठरवत होतो... तोच पायरीशी डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक बाई म्हणाली, "तळ्यावरचे शिपाई उठून गिरणीमागं गेले. तितं त्यांच्या मोटारीचं मागचं चाक बसलंय. मी बघून आले."

दोन्ही बातम्या एकदम जुळल्या — एक शिळी, एक ताजी. खोटी कुठलीच नाही. तिसरी सुपारी पानावर ठेवून मी म्हणालो, "तळ्यावरून."

तळ्याकाठी चुलीची राख अजून ऊन होती. माणूस एकही नव्हता. दुपारी यमुनेला मुलगा झाला. घटकाभर उशीर झाला असता तर दोघेही हाती लागले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

परतताना मी म्हणालो, त्या बाईचे आभार मानले पाहिजेत. करीमभाईंनी लगाम खेचला. "कौन बाई? ओटीपर आप अकेलेच बैठे थे. हम दोनो सामनेच थे."

घरी भीमाप्पाही तेच म्हणाला, "बाई न्हाय, बुवा. तुमी लई येळ गप बसला, अन् सुपारी ठिवली."

म्हणजे तो माझा तर्कच असावा, अशी मी समजूत घातली. चार दिवसांनी करीमभाई गिरणीच्या पहारेकऱ्याकडून ऐकून आले — त्या सकाळी लष्कराची मोटार तिथे अडकून पडली होती, मागचे चाक बसून.

धूर दिसला तर अग्नीचे अनुमान करावे. त्या चाकाचा तर कुठलाच धूर मला दिसला नव्हता. शब्दप्रमाण म्हणावे, तर बोलणारा कोणी हवा... नातू आता चालू लागला आहे. तो कोणाच्या शब्दाने वाचला, हे मला अद्याप सांगता येत नाही.