दुसरा अल्टरनेटर

डायनॅमोला खऱ्या नावाने हाक मारणारं बाजारात आता कुणी उरलं नव्हतं. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्याची हयात गेली, पण नाव झालं ते कानांमुळे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून सांगायचं, "बेअरिंग गेलंय." त्यावर कुणी मशीनने तपासायला सांगितलं, की स्वारीचं नाक मुरडलंच. पुढे गाड्यांत मोठाले स्पीकर बसवायचं खूळ आलं आणि ते वाजवून बघण्यात त्याचे दिवस जाऊ लागले. हल्ली दाराची बेल वाजली तरी साहेबांना पत्ता नसे. "लक्ष नव्हतं," म्हणायचा. बायको विषय वाढवत नसे.

त्या दिवशी मेहुण्याची गाडी आली होती. गाणी लावली की ठोक्यागणिक हेडलाइट मंद व्हायचे, कारण एकट्या अल्टरनेटरला एवढी वीज पुरवणं झेपत नव्हतं. डायनॅमोने फक्त गाण्यांसाठी दुसरा अल्टरनेटर आणि वेगळी बॅटरी बसवली. इंजिनपाशी जागा जेमतेम, म्हणून दोन्ही अल्टरनेटर एकाच बेल्टवर घेतले. इंजिन थंड ठेवणारा पंप आणि स्टिअरिंगही त्याच बेल्टच्या जिवावर होतं. मेहुण्याला तिथूनच बायकामुलांना घेऊन डोंगरातल्या रस्त्याने निघायचं होतं.

त्याने गाडी सुरू केली. भावाला निरोप द्यायला आलेली डायनॅमोची बायको थबकली.

"अहो, हे शिट्टीसारखं काय वाजतंय?"

"कुठे काय वाजतंय? तुला काय कळतं गाडीतलं?"

"आवाज येतोय खरा, भाऊजी," मेहुणा चाचरत म्हणाला. "मला वाटलं, नवीन आहे म्हणून असेल."

डायनॅमोने तणतणत स्क्रूड्रायव्हर उचलला, टेकवला, डोळे मिटले. शिट्टी काही ऐकू आली नाही. मग इंजिन बंद करून त्याने नव्या अल्टरनेटरच्या पुलीवरून बोट फिरवलं. बोटाला रबराची काळी पूड लागली. पुली जराशी तिरकी बसली होती आणि बेल्ट घासून झिजत होता. एखाद्या वळणावर तो तुटला असता. त्याने मागच्या सीटवरच्या पोरांकडे पाहिलं.

"उतरा सगळे," तो म्हणाला. "हे नीट झाल्याशिवाय गाडी हलणार नाही."

मग आवाज खाली आणत बायकोला म्हणाला, "तू इथे उभी राहा. शिट्टी थांबली की मला सांग."

मेहुण्याने चमकून बहिणीकडे पाहिलं. ती नुसती पुढे येऊन उभी राहिली. डायनॅमोने ब्रॅकेटमागे एक वॉशर घातला, इंजिन लावलं. तिने मान हलवली, "अजून आहे." त्याने आणखी एक पातळ वॉशर घातला.

"थांबली."

"नक्की?"

"नक्की."

उभ्या आयुष्यात त्याने हे कुणाला विचारलं नव्हतं. शरमेने त्याला मान वर करवेना.

मेहुण्याच्या जिवात जीव आला. "बघू तरी, भाऊजी," म्हणत त्याने गाणं लावलं. पत्र्याची शेड थरथरली. हेडलाइट तसूभरही मंद झाले नाहीत. तो दणदणाट मात्र डायनॅमोला स्वच्छ ऐकू येत होता, आणि क्षणभर त्याला वाटलं, काही नाही, कान ठणठणीत आहेत आपले.

बायको मागून आली आणि तिने दोन्ही तळव्यांनी त्याचे कान घट्ट झाकले.

"अगं, सोड. लोक बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं नाही. तिने हात काढले नाहीत.