अडुसष्ट किलोंची वाटणी

द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलमधून मला घरी सोडलं, त्या दिवशी गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत स्वागताला अकरा माणसं उभी होती. सेक्रेटरींच्या हातात गुलाबांचा बुके होता. पक्षाघाताने माणसाची सामाजिक प्रतिष्ठा वाढते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

माझी डावी बाजू गेली होती. हात बऱ्यापैकी परत आला, पाय आला नाही. हॉस्पिटलमध्ये पढवून पाठवलं होतं: आधी काठी, मग डावा पाय, शेवटी उजवा. दारात बायको भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं ओवाळलं, तुकडा बाहेर टाकला आणि म्हणाली, "उजवा पाय आधी टाका."

"अगं, त्यांनी डावा सांगितलाय."

"ते हॉस्पिटलात. हे घर आहे."

असल्या रूढींची मी चाळीस वर्षं चेष्टा करत आलो. पण लोक बघत होते, वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि ती तीन आठवडे हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपली होती. मी उजवा पाय उचलला. उजवा उचलला की सगळा भार डाव्यावर येतो, हे कळायला शरीरशास्त्र शिकावं लागत नाही. गुडघा भिजल्या पुठ्ठ्यासारखा दुमडला. सेक्रेटरींनी बुके सावरला. मला तिनं सावरलं, खाली वाकून, काखेत हात घालून. आवाज कसलाच झाला नाही. फक्त तिचा चेहरा पांढरा पडला.

तिच्या मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि भरलेली बादलीही उचलायची नाही असं बजावलं. पण मला कमोडवरून रोज पाच-सहा वेळा उठवणार कोण? मदतीला माणूस ठेवून पाहिला. दोन आले, दोन गेले. मग पुन्हा तीच, दात आवळून.

बंगळुरूहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आईला बादली चालत नाही आणि तुम्ही अडुसष्ट किलो आहात." तो इंजिनियर आहे, त्याला आकडे लागतात. डॉक्टरांशी बोलून त्यानं ठरवलं: महिन्याभरात डावा पाय निम्मा भार घ्यायला लागला तर मी घरी, नाहीतर त्र्यंबक रस्त्यावरच्या पुनर्वसन केंद्रात. केंद्राच्या माहितीपत्रकावर सूर्यास्ताचं चित्र होतं. ते कुणालाच खटकलं नसावं.

भार मोजायची रीत साधी. फरशीवर दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवायचे, एकेका काट्यावर एकेक पाय, बोटं टेबलाला जेमतेम टेकलेली. मान खाली घातली की तोल जातो, म्हणून मी समोरच्या भिंतीकडे बघायचं आणि आकडे दुसऱ्यानं वाचायचे. फिजिओथेरपिस्ट मुलगी सोमवारी आणि शुक्रवारी यायची. पहिल्या दिवशी तिनं वाचलं: उजवा चोपन्न, डावा चौदा.

"काका, उजव्यावर लबाडी करताय. त्याला थोडं उपाशी ठेवा."

लबाडी माझी नव्हती, शरीराची होती. मला वाटायचं मी अगदी सरळ उभा आहे. काटे म्हणायचे, नाही. माझ्या स्वतःविषयीच्या मताला इतका रोखठोक विरोध आजवर कुणी केला नव्हता.

वणीहून मेव्हणा बघायला आला. टोमॅटोचं एक क्रेट आणि कसल्याशा तेलाची बाटली घेऊन आला. माझा व्यायाम त्यानं सोफ्यावर बसून पाहिला.

"दाजी, पाय हाय का केळीचा खांब?"

"केळीला निदान घड येतो."

"तेल चोळा. आमच्याकडं लय लोक उठले याच्यावर."

"उठून कुठं गेले?"

"ते नाय विचारलं," तो म्हणाला.

इतर दिवशी आकडे बायको वाचायची आणि कॅलेंडरवर लिहायची. तिच्या हाताखाली माझा पाय भराभर सुधारला. डावा वीस, चोवीस, अठ्ठावीस. फिजिओथेरपिस्टसमोर मात्र तो सतरा-अठराच्या वर जाईना. "काका, मला बुजता का?" ती म्हणाली. मीही तेच समजलो. माणसाला आपल्या प्रगतीवर विश्वास ठेवायला फारसा पुरावा लागत नाही.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा बायकोनं वाचलं: "उजवा एकोणपन्नास. डावा तीस."

भिंतीकडे बघत मी बेरीज केली. एकोणऐंशी. हॉस्पिटलच्या बेचव खिचडीनंतर मी अकरा किलोंनी वाढलो होतो.

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "एकोणीस आहे. पण येईल तो. आला नाही तर मी आहे ना?"

पट्ट्यावर हात ठेवून ती हे म्हणत होती. मला खुर्चीत बसवायला ती पुढे वाकली, तेव्हा तिच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. तो लपवायला ती खोकली.

शनिवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं कॅलेंडर वाचायला घेतलं. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "एकोणीस."

मुलगा म्हणाला, "आई तर परवा फोनवर तीस म्हणाली होती."

"तिला चष्मा बदलायला हवा."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. माझी बॅग तिनंच भरली. गाडीत बसवताना केंद्राच्या दोन माणसांनी मला उचललं. तिला पुढे यायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

इथं येऊन तीन महिने होत आले. डावा पाय सव्वीसपर्यंत आलाय, आणि हा आकडा खरा आहे. गुडघा मधूनच दगा देतो. रात्रीचं जेवण संध्याकाळी सहाला असतं. दर सणाला कुणीतरी पुढारी येऊन आमच्या अंगावर शाली घालतो, आणि बसूनच स्वीकारायची आम्हाला मुभा असते.

ती रविवारी रिक्षानं येते, डब्यात मेथीची भाजी घेऊन. पाय कसा आहे ते ती विचारत नाही, कंबर कशी आहे ते मी विचारत नाही. सोसायटीतल्या लिफ्टविषयी वगैरे बोलतो. तासाभरानं ती निघते. चपला खोलीबाहेर काढलेल्या असतात. दार उघडं असल्यामुळे मला दिसतं. एक हात भिंतीला लावून ती हळूहळू खाली वाकते, मध्येच थांबते, आणि चपलेत पाय सरकवायला तिला अजूनही बराच वेळ लागतो.