थोरल्याचं हत्यार

तू पाठवलेला फोटो मी आधी चष्मा लावून आणि मग चष्मा काढून पाहिला. फौजेत देतात तेच पिस्तूल, फक्त साध्या माणसांना विकण्यासाठी थोडं बदलून काढलेलं, असं तू लिहिलं आहेस आणि घेण्याआधी काय पाहावं असं मलाच विचारलं आहेस. खाली तुझ्या बहिणीनं लिहिलंय, "आजीला काय कळतंय त्यातलं!" थोडंसं कळतं. आपल्या घरात असं एक पिस्तूल एका पावसाळ्यापुरतं होतं. पावसाळा आपला म्हणायचा, त्या वर्षी पाऊस नव्हताच.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. काष्टीच्या पुढे, नदीच्या अंगाला आपली वस्ती होती. शेजार नव्हता. हाक मारली तर ऐकायला बाभळी तेवढ्या. घरात तुमचे आजोबा, मी, माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले दीर फौजेत अधिकारी होते. आदल्या हिवाळ्यात लढाई झाली, ते पश्चिमेच्या सरहद्दीवर होते, आणि मग तार आली. मी नगरच्या मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, म्हणून तार माझ्या हातात दिली गेली. बेपत्ता आहेत, एवढाच मजकूर होता. मी आत्याबाईंना म्हणाले, "सापडत नाहीत म्हणून कळवलंय."

"म्हंजी शोधत्यात," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. त्यानंतर घरात थोरल्यांविषयी 'होते' असं कुणी म्हटलं नाही.

आपल्या घरात खंडेनवमीची एक रीत होती. प्रत्येक पुरुषाचं हत्यार पाटावर ओळीनं मांडायचं. आजोबांचा उसाचा कोयता, चुलत घराण्यातून आलेला विळा, जे असेल ते. ज्याचं त्याच्या बायकोनं हळदकुंकू लावून पुजायचं आणि कपाळ टेकायचं. थोरल्यांचं हत्यार सरकारचं, ते घरी येणार कसं? त्यांच्या जागी सुपारी ठेवत. आणि जो माणूस गेला त्याचं हत्यार पुढच्या नवमीला पाटावर येत नसे, ते नदीत सोडत. सासऱ्यांची तलवार तशीच गेली होती.

उन्हाळ्यात जाऊबाईंचे वडील जामखेडहून आले. तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा होती आणि जाऊबाई शिकलेल्या होत्या. ते हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, पोरीला किती दिवस असं बसवायचं? एक काय ते ठरवा."

"ठरवायला आमी कोन?" आत्याबाई म्हणाल्या. "नवमी हू द्या. आवंदा सुपारी न्हाई ठेवायची. थोरल्याचं हत्यार पाटावर आलं तर तो घरचा हाय, आन ही त्याची बायको हाय. न्हाई आलं तर घिऊन जा तुमची लेक."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या आत वळल्या. पण त्या दिवसापासून त्यांचं पुढचं सगळं आयुष्य एका पाटावर येऊन थांबलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आजोबांनी थोरल्यांकडे असे तसल्याच पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. आईची समजूत पडत असेल तर पडू दे, एवढाच त्यांचा विचार. चौकशीला श्रीगोंद्याहून जमादार आला. ओसरीवर चहा पीत त्यानं विचारलं, "जिवाला धोका कुनापासून हाय?"

"दुष्काळ आहे, वस्ती एकटी आहे, चोऱ्या होतात," आजोबा म्हणाले.

"कशाचा धोका?" आत्याबाई आतून म्हणाल्या. "चोरानं न्यावं असं हाय का घरात काय? माज्या पोराचं हत्यार पायजे."

जमादारानं आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी छपराकडे. मग जमादारानं बशी खाली ठेवली. "लिवतो मी, वस्ती एकटी हाय म्हनून," तो म्हणाला. पोरगं फौजेत होतं हे त्याला गावात कळलं असणार.

श्रावणात परवाना आला. नगरच्या लष्करी भागात एक निवृत्त अधिकारी आपलं पिस्तूल विकणार होते. ते दक्षिणेकडचे, मराठी येत नसे, म्हणून मी सोबत गेले. बंगल्याच्या सगळ्या खिडक्या भर दिवसा बंद होत्या. भिंतींवर फोटोंच्या चौकोनी खुणा होत्या आणि फोटो एकही नव्हता. आम्ही बसेपर्यंत ते उभे राहिले आणि पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला. "हे चालवण्यासाठी हवंय की पाहण्यासाठी?"

मी आजोबांकडे न बघताच म्हणाले, "पाहण्यासाठी."

"मग जास्त जपा. चालवणारा माणूस घाबरून असतो."

त्यांनी जे सांगितलं ते मी मराठीत करून आजोबांना सांगत गेले. तेच तुला सांगते. दिसायला फौजेचं असलं तरी आतून ते वेगळं असतं. नळीचं भोक लहान, गोळी लहान. फौजेच्या मापाचं हत्यार आपल्याकडे साध्या माणसाला ठेवता येत नाही. म्हणून नळी मागाहून बदललेली नाही ना, हे जाणत्याकडून बघून घ्यावं. अंगावरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर एकेक आकडा जुळवावा. सुटे भाग मिळतात का, तेही विचारावं, कारण परदेशातून आलेल्या जुन्या मालाचा एक खिळा मोडला की सगळंच अडतं. परवाना ज्याच्या नावाचा त्यानंच ते हाताळायचं.

शेवटी त्यांनी पिस्तुलाच्या मुठीतून गोळ्यांची पेटी काढून टेबलावर ठेवली आणि आजोबांना विचारलं, "आता रिकामं झालं?"

"झालं," आजोबा म्हणाले.

त्यांनी वरचा भाग मागे खेचला. खट् आवाज झाला आणि आतून एक काडतूस उडून माझ्या पदरात पडलं. मी किंचाळले. ते दारू नसलेलं, शिकवायचं काडतूस होतं. ते हसले नाहीत. "पेटी काढली तरी नळीत एक असू शकतं. रिकामं आहे असं म्हणायचं नसतं. उघडून बघायचं असतं."

येताना गाडीत आजोबा सुप्यापर्यंत बोलले नाहीत. आपण नगरहून काष्टीला निघालोय आणि पुण्याच्या गाडीत बसलोय, हे आम्हा दोघांच्याही तिथेच ध्यानात आलं.

घरी आत्याबाईंनी ते पदरात घेतलं, नाकाशी नेलं. "त्याच्याच हाताचा वास हाय," त्या म्हणाल्या. मला तर तेलाचा वास आला होता. जाऊबाईंनी दुरून पाहिलं आणि त्या पाणी भरायला गेल्या.

काडतुसं आजोबांनी लोखंडी कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला असे, आंघोळीच्या वेळी तेवढी खुंटीला. पिस्तूलही तिथेच ठेवणार होते, पण आत्याबाई ऐकेनात. थोरले रजेवर आले की जेवून दुपारी त्यांच्या खोलीत आडवे होत. म्हणून रोज जेवणं झाली की त्या खोलीतल्या बाजेवर चादर घालायची आणि पंच्यात गुंडाळलेलं पिस्तूल उशीशी ठेवायचं. चहाच्या वेळी उचलायचं. गोळ्या नसल्या की ते नुसतं लोखंड, असं आजोबा म्हणाले. परवान्याचा नियम त्यांनी आईपुढे काढला नाही.

त्या वर्षीच्या दुपारी तुम्हाला कशा सांगू? गुरं छावणीवर गेली होती, त्यामुळे गोठ्यात घंटा वाजत नव्हती. कावळेसुद्धा पाण्यामागे निघून गेले होते. ऊन नुसतं उभं असे. अशा शांततेत घरातल्या घरात माणसाला स्वतःच्या पावलांचा संशय येतो. पहिल्यांदा मला दिसलं ते असं, की चहाच्या वेळी मी पिस्तूल उचलायला गेले तर चादर मध्ये दबलेली होती. लांब, माणूस उठून गेल्यावर दबते तशी. मी हात फिरवून ती सारखी केली. कापड गरम होतं. ऊन त्या खोलीत येत नसे.

मग एकदा पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे ठेवलेलं मला पक्कं आठवत होतं, आणि ते दाराकडे झालं होतं. मी आत्याबाईंना म्हणाले, "तुम्ही गेला होता का आत?"

"तो कूस बदलतो, धाकटे," त्या म्हणाल्या. डाळ पाखडताना त्यांचा हात थांबलादेखील नाही.

नवरात्र बसलं. एका दुपारी मी आणि आत्याबाई ओसरीवर ज्वारी निवडत होतो. आजोबा कारखान्यावर गेले होते. जाऊबाई विहिरीवर धुणं घेऊन गेल्या होत्या, धोपटण्याचा आवाज येत होता. आणि थोरल्यांच्या खोलीतून 'खट्' आलं. नगरच्या त्या बंगल्यात ऐकलं होतं तेच. थोडं थांबून पुन्हा एकदा.

माझे हात ज्वारीतच राहिले. आत्याबाईंनी मान वर केली. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्या हसत होत्या. "उठला," त्या म्हणाल्या. "च्या टाक."

मी चहा टाकला नाही, खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. पंचा नीट गुंडाळलेला होता, चादर दबलेली. मागच्या दाराची कडी आतून लावायची आमची पद्धत नव्हती, तेव्हा ते उघडं असण्यात विशेष काही नाही. धोपटण्याचा आवाज त्या वेळी चालू होता की मध्ये थांबला होता, हे मी तेव्हाही सांगू शकले नसते.

रात्री आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "लोखंड उन्हानं वाजतं."

"त्या खोलीत ऊन येत नाही."

ते कंदील बारीक करून कुशीवर वळले. नवमी दोन दिवसांवर होती.

नवमीला जामखेडहून व्याही सकाळीच येऊन बसले. जाऊबाईंची ट्रंक त्यांच्या खोलीत होती, भरलेली की रिकामी ते माहीत नाही. आजोबांनी पाट मांडला, तांदूळ पसरले. कोयता, विळा, आणि मधोमध पिस्तूल. आजोबांनी मुठीतली पेटी सगळ्यांना दाखवून काढली आणि वेगळ्या वाटीत ठेवली. "रिकामं आहे," ते म्हणाले.

मी कोयत्याला हळदकुंकू लावलं, कपाळ टेकलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता थोरले, तू ये. कुंकू लाव आन कपाळ टेक. नळीकडनं टेक, त्याचं मस्तक तिकडं हाय."

व्याह्यांनी मान फिरवली. जाऊबाई बसल्या. कुंकवात बुडवलेलं बोट त्यांनी तसंच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पिस्तूल उचललं. लष्करी वसाहतीत राहत असताना थोरल्यांनी त्यांना एकदा मैदानावर नेऊन शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी नळी भिंतीकडे केली आणि वरचा भाग मागे खेचला. कुंकवाच्या बोटाचा ठसा लोखंडावर उमटला.

खट्. एक काडतूस तांदळात पडलं.

हे शिकवायचं नव्हतं. खरं होतं.

आजोबा पांढरेफटक पडले. "मी कधीच भरलं नाही. भरलंच नाही तर बघायचं काय, म्हणून बघितलं नाही." ते उठून कपाटाकडे धावले. किल्ली करगोट्यालाच होती. डबीत एक कमी होतं.

आत्याबाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "म्या सांगत न्हवते?" त्या हळूच म्हणाल्या. "त्यानंच भरलं. आला हाय तो."

जाऊबाईंनी पिस्तूल मांडीवर ठेवलं. त्या इतक्या सावकाश बोलल्या की शब्द न् शब्द मला आजही ऐकू येतो. "आत्याबाई, हे त्यांनी भरलं असतं तर उघडून मला दाखवलं असतं. घरात भरलेलं हत्यार बायकोच्या कपाळासमोर ते ठेवणार नाहीत. जिवंत असले तरी नाही आणि मेले तरी नाही. हे त्यांचं नाही. त्यांचं जिथं राहिलं तिथंच ते राहिले."

मी मनात हिशेब करत होते. आत्याबाईंच्या बोटांत तो वरचा भाग मागे खेचायची ताकद नव्हती. आजोबा खोटं बोलत नसत. मी पिस्तुलाला उचलण्यापलीकडे हात लावला नव्हता. राहिल्या जाऊबाई. रोज दुपारी त्या विहिरीवरून मागच्या दारानं येऊन नवऱ्याच्या बाजेवर पडत असतील, आणि एक दिवस स्वतःसाठीच त्यांनी ते भरून ठेवलं असेल, असं मला वाटून गेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. तांदळातल्या काडतुसाकडे त्या पाहत होत्या आणि त्यांचे हात थरथरत होते. ज्यानं ठेवलं त्याचे हात असे थरथरतात का, मला कळत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि आता त्या नाहीत.

मग त्यांनी मांडीवरचं पिस्तूल पाटावर न ठेवता बाजूला, जमिनीवर ठेवलं. ओळीत मध्येच मोकळी जागा राहिली. त्या जागेकडे आत्याबाई खूप वेळ बघत बसल्या. बाहेर व्याह्यांनी काष्टीहून भाड्यानं आणलेल्या बैलगाडीचा बैल खुरानं जमीन खरवडत होता, तेवढाच आवाज.

मग आत्याबाईंनी हात पुढे केला. कोयता अलीकडे ओढला, विळा त्याला लावून ठेवला. जागा भरली. तांदळातल्या काडतुसाला त्यांनी बोट लावलं नाही.

"ह्ये नदीत सोडून ये," त्या आजोबांना म्हणाल्या.

"आई, परवान्यावरचं आहे. पोलिसांत जमा करावं लागेल."

"मंग तिथं सोड. घरात नगं."

जाऊबाईंनी कपाळावरचं कुंकू पुसायला पदर उचलला. आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"त्ये ऱ्हाऊ दे, थोरले. शाळंत पोरींम्होरं उघड्या कपाळानं उभी ऱ्हाऊ नगंस. जा. ट्रंक आन तुजी, बाप खोळंबलाय."