दारावरचा सलाम

"काय भाईजान, हे काय गिचमिड लावलंय? कुठली संघटना वगैरे नाही ना?"

चंदनसारच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून, आमच्या दारावरच्या फळीकडे बघत हे बोलले. सोबत फ्लॅट बघायला आलेलं जोडपं होतं. ते हसलं. मीही हसलो. आणि म्हणालो, "छे हो. नुसती नक्षी आहे."

दार उघडं होतं. आत अब्बा बसले होते.

नक्षी नव्हती ती. अब्बांनी सागाच्या फळीवर अरबीच्या सुलुस वळणात लिहिलं होतं, या घरात येणाऱ्याला सलाम. म्हणजे सेक्रेटरींनाही. मला ते वाचून दाखवता आलं असतं. भीतीने जीभ उचलली नाही.

अब्बांचं आयुष्य लग्नपत्रिका आणि कबरीचे दगड लिहिण्यात गेलं. नस्ख हे पुस्तकांचं अक्षर, ओळीत सरळ चालणारं. ते कॉम्प्युटरला जमलं आणि अब्बांचं काम गेलं. सुलुसची अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात. प्रत्येकाची जागा नव्याने शोधावी लागते. अलिफ या पहिल्या, उभ्या अक्षराची उंची कलमाच्याच ठिपक्यांनी मोजायची. कलमाचं टोक जेवढं रुंद, तेवढा ठिपका. "दुसऱ्याची पट्टी अक्षराला लावायची नाही," अब्बा म्हणायचे. आता त्यांचा हात थरथरतो. ती फळी त्यांनी लिहिलेली शेवटची.

त्याच रविवारी मी ती उतरवली. कुणी नोटीस दिली नव्हती. मीच स्क्रू फिरवले. रोज सकाळी अब्बा कलम पाण्यात बुडवून फरशीवर ठिपके काढायचे. ते थांबलं.

मी वालीवला एका वर्कशॉपमध्ये ॲक्रिलिकची अक्षरं कापतो. मागच्या आठवड्यात सेक्रेटरी तिथे आले. त्यांच्या मेव्हण्याचं अत्तराचं दुकान उघडतंय. त्यासाठी कॉम्प्युटरवर काढलेली अरबी ओळ त्यांनी मोबाइलवर दाखवली. अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमाने पडलेली.

"यात मजा नाही," ते म्हणाले. "तुमची ती नक्षी आहे ना घरात पडलेली? ती द्या की. दुकानात भारी दिसेल."

दारावर जिची भीती, ती दुकानात शोभा. आणि ती नुसती नक्षी, हे त्यांना मीच शिकवलं होतं. माझ्याच तोंडाने.

"ती नक्षी नाही," मी म्हणालो. "लिहिलेलं आहे ते. माझ्या बापाने. मिळणार नाही."

"बघा हं. सोसायटीत राहायचंय तुम्हाला."

संध्याकाळी फळी परत लावली. अब्बांना बाहेर या म्हणालो. आले नाहीत. माफी मिळेल असं वाटतही नाही.

नोटीस येईल. मीटिंगमध्ये एकट्याला उभं राहावं लागेल. बायको घाबरली आहे. मीही. पण यापुढे जिन्यात कुणी विचारलं, तर एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवणार. फळी काढायचीच असेल तर त्यांनी काढावी. माझ्या हाताने ते स्क्रू पुन्हा उलटे फिरणार नाहीत.