दादाच्या हातातला दोर

रविवार, १० फेब्रुवारी १९७४, दुपार. बेलापूरच्या मळ्यात माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, माझी मुलगी मंगल आणि राहात्याहून आलेली मी, एवढी घरची माणसं होती. दादा गळ्याला उपरणं गुंडाळून विहिरीच्या काठावर उभा होता आणि कुणाच्या तरी पोराला हात मारायला सांगत होता. पुढच्याच आठवड्यात सकाळचा चहा घेता घेता त्याचं हृदय थांबलं.

अर्ध्या गावाला दादानं पोहायला शिकवलं. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर आणि दोराचं टोक दादाच्या हातात. पोर घाबरलं की तो स्वतः उडी घ्यायचा. त्याच्या झोपेचंही गावात कौतुक होतं. बैलगाडीत, पंगतीत घास हातात असतानाही त्याचा डोळा लागायचा आणि त्याचं घोरणं शेजारच्या मळ्यात ऐकू जायचं. सुखी माणूस, असं आम्ही हसून म्हणायचो. वहिनी तेवढी हसत नसे. झोपेत त्याचा श्वास थांबायचा, तिनं हलवलं की घुसमटत सुरू व्हायचा. तिला वर्षानुवर्षं धड झोप नव्हती.

शेवटी मी आणि वहिनीनं त्याला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, झोपेत गळा मिटतो, हवा अडते, हृदयावर ताण येतो. उपाय एकच, गळ्याला खाली भोक पाडून नळी बसवायची. दिवसा तिला बूच लावून बोलायचं, रात्री बूच काढून झोपायचं. परतीच्या एसटीत मी दोन्ही बाजू मांडल्या. एकीकडे झोप, आयुष्य, वहिनीची विश्रांती. दुसरीकडे रोज नळी धुणं, खोकला, लोकांच्या नजरा... आणि पोहणं कायमचं बंद, कारण नळीतून पाणी थेट छातीत जाणार.

"बाकी समदं सोसंन," दादा म्हणाला, "पर इहिरीत उतरायचं न्हाई, मंग जगून करू काय?"

"रोज झोपंत बुडताय, ते न्हाई व्हय दिसत?" वहिनी म्हणाली.

थोड्याच वेळात तो खिडकीला डोकं टेकून घोरू लागला. विषय तिथंच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात मंगल पहिल्यांदा भोपळ्याशिवाय पोहत होती. दोर धरून काठावर बसल्या बसल्या दादाचा डोळा लागला आणि दोर पाण्यात पडला. मंगल दमली, पण त्यानंच शिकवल्याप्रमाणे उताणी झाली आणि कशीबशी पायरीला लागली. दादा जागा झाला तो तिच्या रडण्यानं. त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "शांते, डॉक्टरला कळीव."

नळी बसवून तो घरी आला, त्या पहिल्या रात्री घोरणं ऐकू येईना म्हणून वहिनीच दचकून उठली. तो शांत श्वास घेत होता. ती पुन्हा झोपली ती उन्हं वर येईपर्यंत. दादा मग काठावरूनच शिकवायचा आणि उडी घ्यायची वेळ आली तर मंगल घ्यायची. एकदा मी विचारलं, नळी बसवली ते बरं झालं ना? तो पाण्याकडे बघत म्हणाला, "पानी लई आठवतंय गं... पर आता दोर सुटत न्हाई."

भोपळा आणि दोर आजही विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खुंटीला आहेत. दर भेटीत दादा विचारायचा, "शांते, तू कदी उतरायची?" कामं उरकली की, असं मी म्हणायची. गेल्या रविवारी मंगलनं दोर काढून माझ्या कमरेला बांधला, टोक हाताला गुंडाळून ती काठावर उभी राहिली, अगदी दादासारखी. मी शेवटच्या पायरीपर्यंत गेले, पाय भिजवले आणि वर आले. बाकीची कामं उरकली आहेत. हे तेवढं राहिलंय.